अर्ध्या नंबरातला शनी

अन्याय झाला तो कुसुम देऊळगावकर यांच्यावर. कधी झाला तेही लिहून ठेवते: गेल्या कोजागिरीच्या संध्याकाळी, पूर्वेला चंद्र वर येत असताना. परतूरच्या आमच्या गल्लीत भाऊंनी, म्हणजे भावी नगरसेवकांनी, बटण दाबलं, उंच खांबावरचे दिवे पेटले, टाळ्या वाजल्या आणि एका बाईचं आकाश गेलं. खाली मसाला दूध वाटणं चाललं होतं. कोजागिरीच्या दुधात चंद्र पडावा म्हणून पातेलं उघड्यावर ठेवतात. त्या दिवशी पातेल्यात चार पांढरेफेक दिवे पडले होते. चंद्र कुणी शोधलासुद्धा नाही.

दिवा लावला तर त्यात अन्याय कसला? हा प्रश्न मला नगरपालिकेतल्या साहेबांनी विचारला, भाऊंच्या मागे फिरणाऱ्या पोरांनी विचारला, माझ्या सख्ख्या आईनं विचारला. म्हणून हे लिहितेय. एरवी मी पत्रकं लिहिते. पत्रकात चार मागण्या बसतात, कुसुमकाकू बसत नाहीत.

काकूंचं चष्म्याचं दुकान स्टेशनाकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर. एवढंसं रुंद आणि बोगद्यासारखं खोल. तोंडाशी काचेचं कपाट, मधे गिऱ्हाइकाचं स्टूल, शेवटच्या भिंतीवर नजर तपासायचा तक्ता. काका, म्हणजे त्यांचे यजमान, गेले तेव्हा लोक म्हणाले, आता हे दुकान बंद. काकूंनी दिवसवार आटोपले आणि शटर वर केलं. बाई उंचीनं बेताची, आवाज मात्र रस्त्यापलीकडच्या आडत दुकानात ऐकू जाणारा. चष्मा नाकावर कमी, कपाळावर जास्त. चहा कुणाला विचारायच्या नाहीत. "चहा पाजला की माणूस उठत न्हाई," म्हणायच्या. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांना जमलं नाही, आणि गंमत अशी की त्यामुळे गिऱ्हाईक तुटलंही नाही.

आडतीवर माल घालून आलेला खेड्यावरचा माणूस स्टुलावर बसायचा. काकू डोळे तपासून सांगायच्या, अर्धा नंबर आहे.

"अर्धाच? मंग कशाला खर्चा, काकू? अर्धा म्हंजे काही नंबर हाये का?"

"अर्धा हाये तोवर घाल. दोन झाल्यावर येशील, तवा बैल समजून रेड्याच्या पाठीवर हात फिरवशील."

माणूस हसायचा आणि तसाच निघून जायचा. अर्ध्या नंबराच्या काचा दुकानात पडून राहायच्या. अशीच एक काच पुसताना काकूंच्या लक्षात आलं की समोरच्या रस्त्यावरचं ऊन त्या काचेतून जाऊन पार शेवटच्या भिंतीवर पडतंय, आणि त्या उजेडात रस्ता दिसतोय. उलटा. उलटी ऑटो, उलटा उसाच्या रसाचा गाडा, उलट्या चालणाऱ्या बायका. जास्त नंबराची काच हे चित्र हातभर अंतरावर टाकते. अर्ध्या नंबराची काच ते लांब, दुकानाच्या टोकाला टाकत होती. "जी काच दुबळी, ती लांबचं पाहती," हे काकूंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी एवढंच केलं: नळफिटिंगवाल्याकडून माणसाहून लांब असा प्लास्टिकचा पाइप आणला, एका टोकाला ती काच बसवली, दुसऱ्या टोकाला काकांच्या मोडक्या दुर्बिणीचं भिंग. काचेपुढे पुठ्ठ्याची चकती, तिला मधे भोक, म्हणजे कडेचे रंगीत फराटे कमी होतात. झाली नळी. ती नळी काकू आपल्या घराच्या गच्चीवर पूर्वेच्या कठड्यावर टेकवायच्या, आणि खालचं टोक पाण्याचे हंडे ठेवायच्या जुन्या लाकडी घडवंचीवर. गल्लीतली पोरं तिला तोफ म्हणायची.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. शनीच्या साडेसातीच्या नावानं लोकांना कसं लुबाडतात यावर आमच्या संघटनेनं पत्रक काढलं होतं, आणि मी ते काकूंच्या शटरवर चिकटवत होते. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"एवढे उद्गारचिन्हं काहून गं? काठ्या घेऊन निघाल्यावानी दिसून राह्यले."

मी म्हणाले, विषय गंभीर आहे.

"शनी पाहिला का कधी?"

"न्हाई."

"ज्याला पाहिलं न्हाई त्याच्यावर एवढं मोठं पत्रक. ये संध्याकाळी. आणि खळ घेऊन येऊ नको."

संध्याकाळी नळीला डोळा लावला. बराच वेळ नुसता अंधार, मग काहीतरी थरथरत आत आलं. काकूंनी विचारलं, काय दिसलं? मी म्हणाले, शनीची कडी.

"कडी पुस्तकात पाहिली तू. इथं काय दिसलं ते सांग."

मी परत पाहिलं. "पिवळा ठिपका. दोन्ही बाजूंनी कान असल्यावानी."

"हां. आता बराबर."

त्यांचा हा एकच नियम होता, दुकानात आणि गच्चीवर. माहीत आहे ते सांगायचं नाही, दिसतं ते सांगायचं. भिंतीवरच्या तक्त्यावर फणीसारखी चिन्हं आहेत. दात कुणीकडे ते गिऱ्हाइकानं सांगायचं. एकदा मंठ्याकडे जीप चालवणारा एक पोरगा आला. आधीच्या गिऱ्हाइकाच्या वेळी दारात उभं राहून त्यानं सगळ्या दिशा पाठ केल्या होत्या. काकूंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि भिंतीकडे जाऊन तक्ता खिळ्यावर फिरवून टांगला. पोरगा धडाधड बोलायला लागला: उजवं, खाली, डावं, वर. सगळं चूक. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"पाठांतर चांगलं हाये. शाळा काहून सोडली?"

"काकू, चष्मा लावला तर शेठ गाडी देत न्हाई."

"आणि न्हाई लावला तर तुझ्या गाडीत बसलेल्या बाया घरी जाणार न्हाईत." त्या दिवशी त्यांनी त्याला चष्मा केल्याशिवाय उठू दिलं नाही. शेठला सांगायला स्वतः गेल्या.

गुरूचे चार चंद्र त्यांचे लाडके. नळीतून ते गुरूच्या दोन बाजूंना ओळीत चार टाचण्या टोचल्यासारखे दिसतात आणि रोज जागा बदलतात. काकू एका बाजूला माहेर म्हणायच्या, दुसरीला सासर. सकाळी दुकान उघडताना मी समोरून गेले तर ओरडून सांगायच्या, "काल तिघी माहेरी! एकटी बिचारी सासरी राबून राह्यली." रस्त्यावरची माणसं थांबून बघायची, कुणाच्या घरचं चाललंय म्हणून.

आता एक गोष्ट सांगते, जी आमच्या संघटनेतल्या पोरांना आवडणार नाही. दर शनिवारी काकू मारुतीच्या देवळात तेलाची वाटी घेऊन जायच्या. तिथं कोपऱ्यात शनीची शिळा आहे, तिच्यावर तेल घालायच्या. बाकीच्या बायकांसारख्याच बाजूला, तिरक्या उभ्या राहून. शनीसमोर सरळ उभं राहायचं नाही, त्याच्या नजरेत आपण यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी पेटले. म्हणाले, काकू, रात्री ज्याला नळीतून बघता त्यालाच दिवसा तेल?

"ते सासूबाईंचं हाये, हे माझं हाये. दोन्हीचा काही संबंध न्हाई."

"संबंध न्हाई कसा? लोक काय समजतील?"

"लोकांनी काय समजायचं त्याचं पत्रक तू काढ."

चार दिवस मी दुकानासमोरून न जाता मागच्या वळणानं गेले. त्यांना ते कळलंही नसेल.

त्यांचे डोळे जायला लागले हे गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं ते असं की रस्ता ओलांडताना त्या ऑटोला धडकायच्या, आणि समोरच्या पाटीवरचं बारीक अक्षर मात्र मला वाचून दाखवायच्या. काचबिंदू. कडेनं आत येत जातो आणि मधलं शेवटी नेतो. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, थेंब सुरू झाले. थेंबांनी गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जरा जास्त टिकतं, एवढंच. "मोतीबिंदू पिकला की काढता येतो," त्या म्हणाल्या. "याचं गेलं ते गेलं. आता मला सगळंच नळीतून दिसतं बघ. गल्ली नळीतून, गिऱ्हाईक नळीतून." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

मग त्यांनी मला शनीचं सांगितलं. शनीचं कडं कागदासारखं पातळ आहे. दर पंधरा वर्षांनी ते आपल्याला कडेवरून दिसतं, आणि कागद डोळ्यासमोर आडवा धरल्यावर जशी नुसती धार राहते तसं होऊन जातं. लहान नळीत तर धारही दिसत नाही, शनी बिनकड्याचा होतो. नंतर हळूहळू कडं परत उघडतं.

"मागच्या टायमाला काका होते, नळी नव्हती. पुढच्या टायमाला नळी असंल, डोळे नसतील. म्हणून यंदा. गेलेलं पाहायचं आणि परत आलेलं पाहायचं. मंग बंद."

एवढंच त्यांना पाहिजे होतं. मी आजवर जितक्या मागण्या लिहिल्या त्यात इतकी लहान मागणी एकही नव्हती.

गेलेलं त्यांनी पाहिलं. गेल्या गणपतीत कान नाहीसे झाले. काकू इतक्या खूश की आरतीनंतर ज्याला त्याला गच्चीवर बोलवू लागल्या. मंडळाच्या मांडवात भाऊ आले होते. रस्त्यावरच्या बॅनरवर त्यांच्या नावाआधी भावी नगरसेवक लिहिलेलं असतं. त्यांच्या पोरांनी फोटोसाठी त्यांना वर आणलं. भाऊंनी नळीला डोळा लावला, एक हात कमरेवर, फोटोत चांगला दिसेल असा.

"व्वा! व्वा काकू! काय कडं आहे! सोन्याचं जणू!"

गच्चीवर पंधरावीस माणसं. काकूंनी गप्प बसायला पाहिजे होतं. पण ज्या बाईनं जीपवाल्याला सोडलं नाही ती भाऊंना काय सोडणार?

"कडं न्हाई यंदा, भाऊ."

"आँ?"

"कडं दिसत न्हाई यंदा. म्हणून तर बोलावलं. तुम्ही पाठ केलेलं सांगून राह्यले. परत पाहा, काय दिसतं ते सांगा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, भाऊंची पोरं पण. भाऊही हसले, तोंडानं. तो फोटो त्यांनी कुठंच टाकला नाही.

त्याच आठवड्यात गणेशचा अपघात झाला. गणेश म्हणजे काकूंच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वच्छलाबाईंचा मुलगा. नवीन जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात कामाला, मोटरसायकलवर जातो-येतो. गच्चीवर त्यानंही शनी पाहिला होता. दोन दिवसांनी परत येताना रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि पाय मोडला. वच्छलाबाई दवाखान्यातून आल्या त्या सरळ काकूंच्या दारात.

"तुम्ही माझ्या पोराला त्याच्या नजरंसमोर उभं केलं, काकू. देवळात आपण तिरकं उभं राहतो. तुम्ही डोळ्याला डोळा भिडवायला लावला."

"वच्छला, तो गोळा हाये. लांब हाये लई. त्याला आपण दिसत न्हाई."

"तुमच्या नळीतून तो जवळ येतो म्हणता ना? मंग आपण बी त्याला जवळ दिसत असणार. नळी काय एकाच बाजूनं चालती?"

काकूंनी कपाळावरचा चष्मा काढून पदरानं पुसला. मग त्या म्हणाल्या, "आणि खड्डा? खड्ड्याकडं कोण पाहणार?" पण वच्छलाबाई तोवर घरात गेल्या होत्या.

गल्लीत बोलणं पसरायला वेळ लागला नाही. काकूंच्या नळीतून शनी गल्लीत उतरतो. एकीच्या घरात दूध नासलं, एकाचा व्यवहार फिसकटला, सगळं नळीच्या नावावर. आणि तेवढ्यात भाऊंची पोरं कागद घेऊन फिरायला लागली: महिलांच्या सुरक्षेसाठी गल्लीत हायमास्टचा उंच खांब पाहिजे. सह्या भराभर पडल्या. कागदावर सुरक्षा होती, तोंडानं दुसरंच होतं. उजेड पडला की तोफ बंद, हे मी तीन घरांच्या ओट्यावर स्वतः ऐकलं. ज्या गावात गटारावरचं फुटलेलं झाकण बदलायला वर्ष जातं, त्या गावात हा खांब महिन्याभरात उभा राहिला. खरं तर तो पाहिजे होता गल्लीच्या मागच्या वळणावर. तिथं दिवा नाही, तिथून येताना मी मोबाइलचा उजेड धरून येते. तो उभा राहिला काकूंच्या गच्चीच्या पूर्वेला, आणि चारांतला एक दिवा वाकवून थेट गच्चीत सोडला. कठड्यावर डोळा टेकवला की सरळ डोळ्यात. बटण दाबल्यावर भाऊंचा एक पोरगा वर बघून ओरडला, "काकू, शनीला म्हणा आता गॉगल लाव!" दुधाचे पेले हातात धरून लोक हसले. त्या संध्याकाळी शनी चंद्राच्या जवळच होता. काकू गच्चीवर उभ्या होत्या, डोळ्यांवर पदर धरून. त्यांच्या डोळ्यांना उजेड आधीच टोचायचा. मधे उरलेल्या एवढ्याशा भोकात हा पांढरा जाळ शिरला की काही वेळ काहीच दिसायचं नाही, पायरीसुद्धा.

आम्ही नगरपालिकेत गेलो. काकूंनी दिवा काढा म्हटलं नाही. टोपी घाला म्हणाल्या. पत्र्याची टोपी, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल. साहेब म्हणाले, "त्या मॉडेलला टोपी येत नाही." काकू म्हणाल्या, "पत्र्याचे डबे करणारा आमच्या गल्लीतच हाये, तो करून देतो." साहेब म्हणाले, "लोकांची मागणी आहे बाई, विकासाला विरोध करू नका." बाहेर भाऊ भेटले. "काकू, बायकांच्या सुरक्षेसाठी केलं, आणि बाईच नको म्हणते?"

भाऊ, याचं उत्तर इथं देते. मला उजेड पाहिजे. वळणावर पाहिजे, रस्त्यावर पाहिजे. तुमचा दिवा काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडतो. गटाराचं फुटलेलं झाकण अजून अंधारात आहे. बाईच्या गच्चीत उजेड मारायला सुरक्षा म्हणत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग नळी उचलून दुसरीकडे न्यायची. नेली. दिवाळीनंतर काकूंनी हट्ट धरला, रेल्वे लाइनीपलीकडे ओळखीच्यांच्या शेतात जाऊ. नळी ऑटोवर आडवी बांधली. रस्त्यानं जो तो विचारायचा, "काकू, बोअर मारायला निघाले का?" काकू आतून ओरडायच्या, "हो, वरच्या बाजूनं!" किती तरी दिवसांनी त्या मजेत होत्या. शेतात अंधार चांगला होता. पण घरच्या गच्चीची पायरी न् पायरी त्यांच्या पायाला पाठ होती, शेताची नव्हती. कापसाच्या सरीत पाय अडकला, बांधावर पडल्या, मनगट मोडलं. ऑटोवाला आणि मी त्यांना उचललं. नळी शेतातच राहिली, दुसऱ्या दिवशी आणली. शनी त्या दिवशी कुणीच पाहिला नाही.

मनगट प्लास्टरमध्ये असताना त्यांना भाकरी कोण देत होतं? वच्छलाबाई. दोन्ही वेळा. भाजी निवडून, भाकरी मोडून, कालवून. एकदा मी तिथं असताना काकू म्हणाल्या, "वच्छला, तेवढी टोपी घालायला सांग ना गं. तुझं ऐकतील ते."

वच्छलाबाईंनी ताट खाली ठेवलं. "काकू, काही बी मागा. दिवा लागला आणि माझं पोरगं कुबडी टाकून चालू लागलं. त्याला मी हात लावू देणार न्हाई." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी डाव्या हातानं मला थांबवलं. "खाऊ दे मला," म्हणाल्या.

मी पत्रकात ज्यांना शत्रू म्हणते ते असे असतात. हे मला आवडत नाही, पण आहे.

शेवटचं काकूंना गच्चीवर पाहिलं ते संक्रांतीच्या आसपास. दिवेलागणीला त्यांच्या घरी तीळगूळ द्यायला गेले होते. शनी आता पश्चिमेकडे झुकला होता, पण खांबाच्या उजेडानं सगळी गच्ची धुतल्यासारखी पांढरी. आणि लाइट गेली. पूर्ण गावाची. गल्लीत नेहमीसारखी आरोळी उठली, "गेऽऽली!" खाली पोरं कोकलत होती आणि काकू जिना चढत होत्या. मनगट अजून नीट वळत नव्हतं. भिंतीला हात लावत, पायऱ्या न बघता. मी मागोमाग. घडवंची पश्चिमेच्या कठड्याला लावली, नळी दोघींनी मिळून उचलली. शनी शोधायला त्यांना एरवी एक क्षण लागायचा, त्या दिवशी फार वेळ लागला. मग नळी थांबली.

खाली कुणीतरी मेणबत्ती मागत होतं. वच्छलाबाईंचा आवाज आला, "गणेश, दारातच थांब रे, अंगणात जाऊ नको."

मी विचारलं, "काकू, उघडलं का कडं?"

त्यांनी डोळा चोळला, परत लावला. मला माहीत होतं, त्यांना तर माझ्याहून जास्त माहीत होतं, की कडं उघडायला लागलेलं आहे. नुसतं हो म्हणायचं होतं. अंधारात मी आणि त्या, तक्ता फिरवायला तिसरं कुणी नव्हतं.

"माहीत हाये," त्या म्हणाल्या. "दिसलं न्हाई."

आणि लाइट आली. खाली टाळ्या, आरोळ्या. काकूंनी नळीच्या तोंडावर पदर टाकला, जसा झोपलेल्या लेकराच्या तोंडावर टाकतात, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, डोळ्यातला जाळ ओसरायची वाट बघत.

दुकान आता भाचा बघतो. काकू दारात खुर्ची टाकून बसतात. नजरेचा मधला एवढासा तुकडा अजून शाबूत आहे. डॉक्टर म्हणतात, किती दिवस ते सांगता येणार नाही. यंदाच्या गणपतीपासून शनी परत संध्याकाळी पूर्वेच्या कठड्यावर येईल. तोवर कडं इतकं उघडलेलं असेल की अर्ध्या नंबराच्या काचेतही कान दिसावेत. कठडा तोच आहे. खांबही तोच आहे.

म्हणून मागणी करते, आणि ती तुमच्याकडे करते. गल्लीतल्या त्या कागदावर तुमची सही असेल, तर दुसरा कागद मी काकूंच्या दुकानात ठेवला आहे. त्यावर एकच ओळ आहे: दिवा राहू द्या, टोपी घाला. परतूरचे नसाल तर आज दिवेलागणीला तुमच्या दारातल्या खांबाखाली उभे राहा, त्याचा उजेड कुणाच्या गच्चीत शिरतो ते बघा, त्या घराचं दार वाजवा आणि हीच ओळ तुमच्या नगरपालिकेत नेऊन द्या. शनी बघितलात म्हणून तो तुम्हाला बघणार नाही. सही करा. या कोजागिरीच्या आत.